शांतीची शाळा : फ्रान्स आणि जर्मनीने गिरवलेला धडा

शांती म्हणजे केवळ युद्धाचा अभाव नव्हे, अशी शिकवण द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात दिली. शांती ही न्यायातून उपजते आणि ती रोज नव्याने उभारावी लागते. हे वाचताना आपण माना डोलावतो. परंतु 'उभारावी लागते' म्हणजे नेमके काय करावे लागते, हा प्रश्न मागे उरतोच. तह राजकारणी करतात, सैन्य सरकारे मागे घेतात. पण एका राष्ट्रातील सामान्य माणसाच्या मनात दुसऱ्या राष्ट्रातील सामान्य माणसाविषयी जी अढी पिढ्यान्‌पिढ्या बसलेली असते, ती कोण काढणार?

ह्या प्रश्नाचे एक उत्तर गेल्या शतकात सापडले. एका देशातील विद्यार्थ्यांनी दुसऱ्या देशात जाऊन शिकावे, तेथील कुटुंबात राहावे, तेथील भाषा बोलावी आणि त्या देशातील विद्यार्थ्यांनीही तसेच आपल्याकडे यावे, अशी ही साधी व्यवस्था आहे. तिला आपण शैक्षणिक देवाणघेवाण म्हणतो. ह्या व्यवस्थेने काय साधते आणि काय साधत नाही, हे समजून घेण्यासाठी फ्रान्स व जर्मनी ह्या दोन राष्ट्रांइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

वैर शिकवणाऱ्या शाळा

सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या अवधीत ही दोन राष्ट्रे तीन वेळा एकमेकांशी लढली : १८७०-७१, १९१४-१८ आणि १९३९-४५. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा लाखांहून अधिक आणि जर्मनीचे सुमारे वीस लाख सैनिक मृत्युमुखी पडले. १९१६ साली व्हर्दाँ येथे चाललेल्या एकाच लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख लोक मेले. दोन्ही देशांत परस्परांचा उल्लेख 'परंपरागत वैरी' असा होई.

हे वैर रणांगणावर जन्मले असले, तरी त्याचे संगोपन शाळेत झाले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १८७१ च्या पराभवानंतर आल्सास व लोरेनचा मोठा भाग जर्मनीकडे गेला, तेव्हा फ्रान्समधील वर्गांत टांगलेल्या नकाशांवर हा गमावलेला प्रदेश वेगळ्या, गडद रंगात दाखवला जाई, जेणेकरून मुलांना त्याचा विसर पडू नये. तिकडे जर्मनीतील शाळांमध्ये दर वर्षी २ सप्टेंबरला सेदाँ येथील विजयाचा दिवस साजरा होई. एका देशातील मुले पराभवाचे दुःख पाठ करीत, तर दुसऱ्या देशातील मुले विजयाचा अभिमान पाठ करीत. पुढे तीच मुले खंदकांत समोरासमोर उभी ठाकली. शाळा ही स्वभावतःच शांतीची बाजू घेते, असे समजणे म्हणूनच भाबडेपणाचे ठरेल. ज्या फळ्यावर वैर लिहिले गेले, त्याच फळ्यावर ते पुसून काही दुसरे लिहावे लागते.

क्षमेची पहिली पावले

हे काम सरकारांनी हाती घेण्यापूर्वी काही श्रद्धावंतांनी आरंभले होते, हा इतिहास आपणा कॅथलिकांना विशेष जवळचा वाटावा. फ्रान्समधील मोंतोबाँचे बिशप प्येर-मारी तेआस ह्यांनी १९४२ साली ज्यू लोकांच्या छळाचा जाहीर निषेध केला. १९४४ साली जर्मन पोलिसांनी त्यांना अटक करून कॉम्प्येन्य येथील छावणीत डांबले. तेथील सहबंदींना त्यांनी शत्रूवर प्रीती करण्याची प्रभू येशूची आज्ञा समजावून सांगितली. ती ऐकणे बंदिवानांना मुळीच सोपे गेले नाही. त्याच सुमारास मार्थ दोर्तेल-क्लोदो ह्या शिक्षिकेच्या मनात जर्मनीसाठी प्रार्थना करण्याची प्रेरणा जागी झाली. ह्या दोघांच्या प्रयत्नांतून १९४५ मध्ये 'पाक्स ख्रिस्ती' ही चळवळ सुरू झाली.

त्याच वर्षी फादर जाँ द्यु रिव्हो ह्या फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरूंनी जर्मनीतील ओफेनबुर्ग येथे एक संस्था स्थापन केली आणि फ्रेंच व जर्मन अशा दोन भाषांतून नियतकालिके काढली. जर्मनीत काय घडते आहे हे फ्रेंच वाचकांना कळावे आणि फ्रान्समध्ये काय घडते आहे हे जर्मन वाचकांना कळावे, हा त्यांचा उद्देश होता. दोन्ही देशांतील तरुणांच्या भेटीही ह्या संस्थेने घडवून आणल्या. शहरे अजून ढिगाऱ्यांखाली होती, घरोघरी सुतक होते. अशा वेळी शत्रूराष्ट्राशी ओळख करून घ्या असे सांगणे किती कठीण असेल, ह्याची कल्पना आपण करू शकतो.

१९५० साली माँबेल्यार हे फ्रेंच शहर आणि लुडविग्सबुर्ग हे जर्मन शहर ह्यांनी भगिनीनाते जोडले. दोन्ही देशांतील शहरांमधले हे असे पहिले नाते होय. त्याच वर्षी ९ मे रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान ह्यांनी दोन्ही देशांचे कोळसा व पोलाद उत्पादन एका समाईक नियंत्रणाखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला. शुमान ह्यांचा जन्म लक्झेंबर्गमधील, घराणे लोरेनचे. त्यांनी बॉन, म्युनिक, बर्लिन व स्ट्रासबुर्ग येथे शिक्षण घेतले होते. ज्या देशाशी समेट करावयाचा त्या देशाच्या विद्यापीठांत ते वाढले होते. २०२१ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांच्या सद्‌गुणी जीवनास मान्यता देऊन त्यांना 'वंदनीय' घोषित केले.

रेंसचे कॅथेड्रल आणि पॅरिसचा करार

८ जुलै १९६२ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गोल आणि पश्चिम जर्मनीचे चान्सलर कोनराड आडेनाउअर हे दोघे रेंसच्या कॅथेड्रलमध्ये पवित्र मिस्सासाठी शेजारी शेजारी बसले. दोघेही श्रद्धावान कॅथलिक होते. स्थळाची निवड सहज झालेली नव्हती. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन तोफांच्या माऱ्याने हेच कॅथेड्रल पेटले होते. जर्मनीच्या शरणागतीच्या करारावर ७ मे १९४५ रोजी सह्या झाल्या, त्याही ह्याच रेंस शहरात, आणि त्यादेखील एका शाळेच्या इमारतीत.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, ९ सप्टेंबर १९६२ रोजी, द गोल ह्यांनी लुडविग्सबुर्ग येथे जर्मन तरुणांपुढे भाषण केले. ते त्यांनी जर्मन भाषेत केले. पहिल्या महायुद्धात हे गृहस्थ व्हर्दाँच्या परिसरात जर्मनांच्या हाती सापडून युद्धकैदी झाले होते आणि तुरुंगातून निसटण्याचे अनेक प्रयत्न त्यांनी केले होते. अशा माणसाने जर्मन मुलांशी त्यांच्याच मातृभाषेत बोलावे, ह्याचा श्रोत्यांवर खोल परिणाम झाला.

२२ जानेवारी १९६३ रोजी पॅरिसमध्ये 'एलिझे करार' झाला. त्याचे मुख्य विषय तीन होते : परराष्ट्र धोरण, संरक्षण आणि शिक्षण व युवक. पहिले दोन विषय कोणत्याही दोन देशांच्या करारात असावेत असेच आहेत. तिसरा मात्र दूरदृष्टीचा होता. एकमेकांच्या भाषेचे अध्यापन वाढवणे, पदव्यांना परस्पर मान्यता देण्याचा मार्ग शोधणे आणि तरुणांना भेटण्याची सर्व प्रकारे संधी देणे अशी कलमे त्यात होती. त्यानुसार ५ जुलै १९६३ रोजी फ्रेंच-जर्मन युवक कार्यालयाची स्थापना झाली. त्याच वर्षी ११ एप्रिलला पोप जॉन तेविसावे ह्यांनी पृथ्वीवरील शांतीविषयीचे आपले विश्वपत्र प्रसिद्ध केले होते. राष्ट्रांमधील खरी शांती शस्त्रांच्या समतोलावर टिकत नाही, ती परस्परविश्वासावर टिकते, हा विचार त्यात मांडला होता. ह्या कार्यालयाने तो विश्वास गावोगावी रुजवण्याचे काम केले, असे म्हणता येईल.

ही देवाणघेवाण कशी चालते?

आजवर नव्वद लाखांहून अधिक मुलामुलींनी ह्या कार्यालयाच्या उपक्रमांत भाग घेतला आहे. संख्या मोठी आहेच, पण तिच्यामागील पद्धती अधिक बोधप्रद आहे.

पहिली गोष्ट म्हणजे समानता. कार्यालय दोन्ही देशांचे आहे आणि दोन्ही सरकारे त्यात सारखाच वाटा उचलतात. कोणी दाता नाही आणि कोणी याचक नाही. विजेता पराभूताला शहाणे करून सोडतो आहे, असा भाव त्यामुळे येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ह्या कार्याचा विस्तार. हे कार्यालय मुख्यतः शाळा, क्रीडामंडळे, नगरपालिका, युवक संघटना अशा स्थानिक संस्थांना साहाय्य करते. त्यामुळे हुशार आणि श्रीमंत मुलांपुरते हे मर्यादित राहिले नाही. कारागिरी शिकणारी, कारखान्यात उमेदवारी करणारी, फुटबॉल खेळणारी मुलेही सीमेपलीकडे जाऊ लागली.

तिसरी गोष्ट म्हणजे घर. 'व्होल्तेर' नावाच्या उपक्रमात जर्मन व फ्रेंच विद्यार्थ्यांची जोडी लावली जाते. एक जण सहा महिने दुसऱ्याच्या घरी राहून त्याच्या शाळेत जातो, नंतरचे सहा महिने दुसरा पहिल्याच्या घरी येतो. पर्यटक म्हणून आठ दिवस फिरणे वेगळे आणि सहा महिने परक्या आईच्या हातचे जेवणे, घरातील भांडणे ऐकणे, आजारी पडल्यावर तिच्याकडून शुश्रूषा करून घेणे वेगळे. ज्या घरातील आजोबांची तसबीर सैनिकी गणवेशात भिंतीवर आहे, त्या घरात राहिल्यावर इतिहासाच्या पुस्तकातील 'शत्रू' ह्या शब्दाला एक चेहरा मिळतो.

चौथी गोष्ट म्हणजे भाषा. ह्या मेळाव्यांत जोडीने भाषा शिकण्याची पद्धत प्रचलित आहे. एक तास जर्मन मुलगा शिक्षक व फ्रेंच मुलगा विद्यार्थी असतो, पुढच्या तासाला भूमिका उलटतात. चुकणे दोघांच्याही वाट्याला येते. दुसऱ्याची भाषा अडखळत बोलणारा माणूस काही काळ लहान मूल होतो, आणि नम्रतेचा हा अनुभव शंभर प्रवचनांनी येणार नाही.

पाचवी गोष्ट म्हणजे सत्य. समेट करावयाचा म्हणून इतिहास झाकून ठेवला गेला नाही. २००३ साली एलिझे कराराच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त बर्लिनमध्ये भरलेल्या युवक संसदेत मुलांनी मागणी केली, की दोन्ही देशांच्या विद्यार्थ्यांसाठी इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक असावे. त्यानुसार २००६, २००८ आणि २०११ साली तीन खंड निघाले. आशय तोच, फक्त एक आवृत्ती फ्रेंचमध्ये व दुसरी जर्मनमध्ये. गंमत अशी, की लेखकांचे मोठे मतभेद महायुद्धांवरून झाले नाहीत; अमेरिका व साम्यवाद ह्यांच्याकडे पाहण्याच्या दृष्टीवरून अधिक झाले. एके काळी ज्या प्रश्नावर रक्त सांडले, त्यावर आता एका टेबलाशी बसून एक परिच्छेद लिहिता येतो, ही केवढी मजल आहे!

एका युद्धाच्या भंगारातून

ह्याच काळात अटलांटिकपलीकडेही असाच एक प्रयत्न सुरू होता. अमेरिकेतील आर्कन्सा राज्याचे सिनेटर विल्यम फुलब्राइट हे तरुणपणी शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडमधील ऑक्सफर्डला शिकले होते. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकन सैन्याचे पुष्कळ साहित्य परदेशांत पडून होते. त्याच्या विक्रीतून येणारा पैसा विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीसाठी वापरावा, असा कायदा त्यांनी मांडला आणि १ ऑगस्ट १९४६ रोजी अध्यक्ष ट्रूमन ह्यांनी त्यावर सही केली. तलवारींचे फाळ करण्याविषयी बोलणाऱ्या यशया संदेष्ट्याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. भारताशी ह्या योजनेचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी, पंडित नेहरूंच्या काळात झाला. २००८ सालच्या नव्या कराराने भारत सरकार त्यात बरोबरीचे भागीदार झाले आणि शिष्यवृत्तीच्या नावात नेहरूंचे नाव जोडले गेले.

ह्या एका शिष्यवृत्तीतून काय उगवले पाहा. सोफिया कोर्रादी ही इटालियन तरुणी १९५७ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली. परतल्यावर तिचे तेथील शिक्षण मान्य करण्यास तिच्या रोममधील विद्यापीठाने नकार दिला. हा अपमान तिने उराशी धरून ठेवला नाही. परदेशात घेतलेले शिक्षण मायदेशी मान्य झाले पाहिजे, ह्यासाठी तिने पुढे कित्येक वर्षे प्रयत्न केले. १९८७ साली युरोपात 'इरॅस्मस' योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या प्रणेत्यांत कोर्रादीबाईंचे नाव आदराने घेतले गेले. पहिल्या वर्षी अकरा देशांतील ३,२४४ विद्यार्थी ह्या योजनेखाली गेले. आजवर दीड कोटीहून अधिक लोकांना तिचा लाभ झाला आहे. २०२५ साली ९१ व्या वर्षी त्यांचे रोममध्ये निधन झाले. योजनेला ज्यांचे नाव दिले ते रॉटरडॅमचे इरॅस्मस हे कॅथलिक धर्मगुरू आणि युरोपभर फिरून ज्ञान मिळवणारे विद्वान होते.

भेट पुरेशी नसते

तथापि देवाणघेवाण हा काही जादूचा मंत्र नव्हे. इतिहासाने तसा इशाराही दिलेला आहे. १९३० साली जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्टमध्ये सोलबेर्ग येथे फ्रेंच व जर्मन तरुणांचे एक मोठे शिबिर भरले होते. त्याचा आयोजक ओटो आबेट्झ हा कलाशिक्षक होता. शेकोटीभोवती गाणी झाली, मैत्री जडली. दहा वर्षांनी, १९४० साली, हाच आबेट्झ हिटलरचा राजदूत म्हणून व्याप्त पॅरिसमध्ये येऊन बसला. जुन्या ओळखी त्याने फ्रेंच समाजात नाझींसाठी सहकारी मिळवण्याकरिता वापरल्या.

मग १९३० मध्ये जे फसले ते १९६३ नंतर का साधले? शिबिरातील मैत्री खोटी होती, असे म्हणता येणार नाही. पण ती मूठभर लोकांची होती, तिच्यामागे न्याय्य राजकीय व्यवस्था नव्हती, आणि मुख्य म्हणजे सत्याला सामोरे जाण्याची तयारी नव्हती. पश्चात्ताप आणि क्षमा ह्यांवाचून झालेली मैत्री सत्तेच्या पहिल्याच वादळात वाहून जाते. १९६५ साली पोलंडच्या बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहून क्षमा केली आणि क्षमा मागितलीही. त्या पत्रावर सह्या करणाऱ्यांत क्राकोचे आर्चबिशप कारोल वॉयतिवा, म्हणजे नंतरचे पोप जॉन पॉल दुसरे, हेही होते. पोलंडमधील सरकारने त्या वेळी बिशपांवर टीकेची झोड उठवली. परंतु १९९१ साली जर्मन-पोलिश युवक कार्यालय स्थापन झाले, तेव्हा त्यासाठी लागणारी जमीन ह्या पत्राने आधीच नांगरलेली होती.

आपल्या अंगणात

परक्या देशातून येऊन आपली भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे मोल आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी तरी विसरू नये. १५७९ साली गोव्यात उतरलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स येथील लोकांकडून मराठी शिकले, आणि १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. शिकवायला आलेला माणूस आधी शिष्य झाला, म्हणूनच ते पुराण आपले झाले.

आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुलेमुली उच्च शिक्षणासाठी परदेशी जात आहेत. जर्मनीत तर २०२२-२३ पासून परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांचा गट सर्वांत मोठा झाला आहे. त्यात वावगे काही नाही. मात्र पदवी व नोकरीसाठी परदेशी जाणे आणि देवाणघेवाण ह्यांत फरक आहे. पहिल्यात आपण काही घेतो. दुसऱ्यात घेतो तसे देतोही, आणि परत आल्यावर ते इतरांत वाटतो. परदेशी गेलेला विद्यार्थी जर फक्त आपल्याच गाववाल्यांत राहिला, आपलेच जेवण जेवला आणि शेजाऱ्याचे नावही त्याने विचारले नाही, तर त्याने प्रवास केला, पण तो कोणाला भेटला नाही.

ह्याची दुसरी बाजू आपल्या दाराशी आहे. पुण्यात आफ्रिकेतील व आशियातील अनेक देशांचे विद्यार्थी शिकतात. फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक असताना डॉ. शां. ब. मुजुमदार ह्यांनी मॉरिशसच्या एका आजारी विद्यार्थ्याचे एकाकीपण पाहिले, आणि त्यातूनच परदेशी विद्यार्थ्यांना आपले वाटेल असे घर म्हणून १९७१ साली 'सिंबायोसिस' ह्या संस्थेचा आरंभ झाला. पोप पॉल सहावे ह्यांनी १९६७ सालच्या आपल्या विश्वपत्रात परदेशी शिकायला आलेल्या तरुणांना एकाकीपणापासून जपण्याचे कर्तव्य यजमान देशातील कुटुंबांना सांगितले आहे. वर्णावरून अशा विद्यार्थ्यांना भाड्याने खोली नाकारणारी, रस्त्यात टोमणे मारणारी माणसे आपल्यातही आहेत, हे कबूल करावयास हवे. असा विद्यार्थी मायदेशी जाताना आपल्या देशाविषयी काय सोबत नेतो, ह्याचा विचार आपण कधी करतो का?

ह्यासाठी मोठा निधी किंवा सरकारी करार लागत नाही. नाताळच्या दिवशी सुट्टीत वसतिगृहात अडकलेल्या एखाद्या परदेशी विद्यार्थ्याला घरी जेवायला बोलावता येते, मग तो कोणत्याही धर्माचा असो. धर्मग्रामातील युवक मंडळाला त्याच्याकडून त्याच्या देशाची माहिती ऐकता येते. आपल्या मुलाला परदेशी पाठवताना त्याला केवळ व्हिसा व शुल्काची नव्हे, तर तेथील लोकांच्या भाषेची व इतिहासाची तयारी करून देता येते. आणि आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत शेजारच्या समाजाविषयी, शेजारच्या राष्ट्राविषयी काय लिहिले आहे, हे पालक म्हणून आपण एकदा तरी उघडून वाचू शकतो.

२२ सप्टेंबर १९८४ रोजी व्हर्दाँच्या युद्धभूमीवर फ्रान्सचे अध्यक्ष मित्तेराँ आणि जर्मन चान्सलर कोल हातात हात घालून मूकपणे उभे राहिले. ते छायाचित्र जगभर गाजले. तोपर्यंत दोन्ही देशांतील लाखो मुले एकमेकांच्या घरी राहून आली होती, म्हणूनच ते दृश्य नाटकी वाटले नाही. नेत्यांनी हात हाती घेण्यापूर्वी मुलांनी एका ताटात जेवलेले असावे लागते. ते ताट वाढण्याचे काम कोणत्याही घराला करता येते.